डक्ट साफ करून घेताय? आधी ग्रिल काढून बघा

स्प्लिट किंवा कॅसेट एसी असेल तर त्याला डक्ट नसतोच. ‘डक्ट क्लीनिंग’ म्हणून कोणी दर सांगितला, तर ती साधी वेट सर्व्हिस आहे. तेवढेच पैसे द्या. हे मार्गदर्शन डक्टेबल एसी किंवा डक्ट कूलर असलेल्यांसाठी आहे: सराफी आणि कापडाची दालनं, हॉस्पिटलं, बँका, मंगल कार्यालयं, जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतली ऑफिसं.

सफाई खरंच हवी का, ते आधी तपासा. दरवर्षी डक्ट साफ करा, असं सांगणारे बहुतेक विकणारेच असतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था ‘ईपीए’ घरांबाबत स्पष्ट सांगते, की डक्ट सफाईने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. आत बुरशी दिसली, उंदीर-किडे शिरले किंवा धूळ साचून खोलीत पडू लागली, तरच सफाई करा. दुकानालाही हीच कसोटी लावा.

रिटर्न ग्रिल उघडा, मोबाईलचा टॉर्च लावून हात आत घाला आणि व्हिडिओ घ्या. पातळ, कोरडी धूळ चालते. बोटाला थर लागला किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले, तर पुढे जा. छतावरच्या डिफ्यूझरभोवतीचे काळे पट्टे दाखवून घाबरवणारे भेटतील. ते पट्टे बऱ्याचदा खोलीतल्याच धुळीचे असतात. हवेच्या झोताबरोबर ती छताला चिकटते. पावसाळ्यातला कुबट वास बहुधा ड्रेन ट्रे तुंबल्याचा असतो. म्हणून फिल्टर, कॉइल, ट्रे, ब्लोअर आणि शेवटी डक्ट, याच क्रमाने तपासा. पहिल्या तीन गोष्टींतच काम भागलं, तर मोठा खर्च वाचला. जिनिंग किंवा डाळ मिलच्या शेजारी असाल, तर हंगामात फिल्टर लवकर भरतो; तो धुण्याचं वेळापत्रक वेगळं ठेवा.

आता दर. कोटेशन ‘रनिंग फूट’ने आहे की ‘चौरस फूट’ने, हे पहिल्यांदा विचारा. सगळी फसगत इथेच होते. 18 बाय 12 इंची डक्टचा घेर 5 फूट. म्हणजे 100 फूट लांब डक्ट आतून 500 चौरस फूट भरतो. हिशेबापुरता 40 रुपये दर धरा: रनिंग फुटाने 4,000 रुपये, चौरस फुटाने 20,000. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23,600. तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल, तर या जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही. तो पूर्ण खर्चच धरा. मोजमाप तुमच्या माणसासमोर टेपने व्हावं आणि कागदावर यावं.

कोटेशनमध्ये नसलेलं बिलात येतं ते असं: नाशिक-पुण्याहून येणाऱ्या टीमचा प्रवास आणि मुक्काम, रात्रपाळी, परांची, डक्टला कापून बसवायचे ॲक्सेस डोअर, फॉल्स सीलिंगची दुरुस्ती आणि फॉगिंग. प्रत्येकापुढे ‘समाविष्ट’ किंवा ‘वेगळे, इतके रुपये’ असं लिहून घ्या. टीम बाहेरून येणार असेल, तर शेजारच्या दोन-तीन दुकानांनी मिळून बोलवा. प्रवासखर्च वाटला जातो.

काम खरं कसं होतं? एका टोकाला मोठा व्हॅक्यूम लावून डक्टमध्ये ओढ तयार करतात, दुसऱ्या बाजूने फिरता ब्रश किंवा हवेचा झोत मारतात. व्हॅक्यूमशिवाय नुसता ब्रश फिरवला, तर सगळी धूळ तुमच्या साड्यांवर येते. ग्रिल पुसून फोटो काढणं हा सर्रास शॉर्टकट. सुगंधी फॉगिंग म्हणजे सफाई नव्हे; बुरशी झालीच असेल, तर पाणी कुठून येतं ते आधी शोधायला लावा. डक्टला आतून ग्लासवूलचं अस्तर असेल, तर कडक ब्रशने ते फाटतं. भिजलेलं अस्तर बदलावंच लागतं. ऑपरेशन थिएटरचे हेपा फिल्टर ‘धुऊन देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ते धुवायचे नसतात, बदलायचे असतात.

हवा तपासणीचा अहवाल विकत घेताय? बाहेरच्या हवेचं रीडिंगही त्याच वेळी घ्यायला लावा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. पीएम 2.5 साठी देशाचं 24 तासांचं मानक 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. कार्बन डायऑक्साइड बाहेर साधारण 420 पीपीएम असतो. गर्दीच्या वेळी आत 1,000 च्या बराच वर गेला, तर ताजी हवा कमी पडते आहे. डक्ट घासून तो उतरणार नाही. वीज वाचवायला बंद केलेला फ्रेश एअर डँपर उघडा. ते फुकट आहे.

डक्ट कूलर थेट बाहेरची हवा ओढतो, त्यामुळे खानदेशच्या उन्हाळी धुळीत आधी त्याचे पॅड भरतात. बोअरच्या पाण्याने क्षार चढलेले पॅड बदला, टाकी रिकामी करून घासा. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. पारा 45 कडे गेला की मेकॅनिक फोन उचलत नाहीत आणि मंगल कार्यालयाला रिकामी तारीख मिळत नाही.

हॉटेलवाल्यांचं वेगळं. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट डक्टमध्ये तेल साचतं आणि फोडणीचा जाळ वर गेला की पेट घेतं. अमेरिकी अग्निमानक एनएफपीए 96 प्रमाणे लाकूड-कोळशावरच्या भट्टीचा डक्ट दरमहा, मोठ्या प्रमाणात तळण असेल तर दर तीन महिन्यांनी तपासायचा. इथे टाळाटाळ नको.

ॲडव्हान्स कमीत कमी द्या. बाकी रक्कम त्याच जागेचे आधी-नंतरचे तारखेसह फोटो, काढलेल्या कचऱ्याच्या पिशव्या आणि जीएसटी बिल हाती आल्यावर. वापरलेल्या रसायनाचं माहितीपत्रक आणि कामगारांच्या विम्याची प्रत काम सुरू होण्याआधी मागा. सराफांनी रात्री आपला माणूस हजर ठेवावा, सीसीटीव्ही झाकू देऊ नये.

वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण 2019 च्या कायद्यात व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी चालवलेलं छोटं दुकान बसू शकतं. मोठ्या दालनाला दिवाणी कोर्टाचाच रस्ता राहतो, आणि तिथे सही-शिक्क्याचं कोटेशन, मोजमापाचा कागद आणि फोटो हेच चालतात.