दख्खनचे मासे आणि कर्नल साइक्स

पेशवाईचा अस्त १८१८ मध्ये झाला. नव्याने हाती आलेल्या मुलखाची पद्धतशीर पाहणी व्हावी म्हणून गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स (१७९०-१८७२) या लष्करी अधिकाऱ्यास सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, जमीन, पिके व हवामान हे त्यांचे नेमून दिलेले विषय होते. परंतु पशुपक्षी, वनस्पती आणि मासे यांच्या नोंदीही त्यांनी तितक्याच निष्ठेने ठेवल्या. ते १८३१ मध्ये मायदेशी परतले.

दख्खनच्या ४६ जातींच्या माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने १८४१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केला. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांतील अनेक माशांना शास्त्रीय नाव देताना साइक्स यांनी लॅटिन शब्द शोधत न बसता नदीकाठी प्रचलित असलेले मराठी नावच स्वीकारले. शिंगटीचे नाव आज ‘मिस्टस सींगटी’ असे आहे, तर मल्याचे ‘गारा मुल्या’. ‘रोहटी’ हे तर एका प्रजातीचेच नाव झाले. पुण्याच्या उत्तरेस इंद्रायणीत मिळालेल्या एका माशाचे तोंड पुढून कापल्यासारखे दिसते. लोक त्यास ‘नकटा’ म्हणत, म्हणून शास्त्रातही तो ‘नुक्टा’ झाला.

यारेल, ओगिल्बी, व्हिगर्स या इंग्लंडमधील विद्वानांची नावेही साइक्स यांनी माशांना दिली. एखाद्या भोयाच्या नावाने मात्र एकही मासा ओळखला जात नाही. त्या काळच्या रीतीस हे धरूनच होते. तथापि भोयांचे शब्द जगभरच्या ग्रंथांत उरले, ही गोष्ट लहान नव्हे.

त्या शब्दांमागचे मासे मात्र विरळ होत आहेत. नदीवरील बांध, शहरांचे सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले तिलापियासारखे मासे ही त्याची कारणे होत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने नकट्यास संकटग्रस्त ठरविले आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्याचे काम सोपविलेले आहे. या नोंदवहीत माशाचे स्थानिक नाव, तो आढळण्याची जागा व हंगाम, तसेच पूर्वी मिळणारे आणि आता न मिळणारे मासे यांची नोंद करता येते. ही माहिती ज्यांच्याकडे आहे ते जुने मासेमार गावोगावी अजून भेटतात. साइक्स यांच्या यादीतील मराठी नावे शाळेतील मुलांनी त्यांच्यापुढे वाचली, तर त्यांतील कोणता मासा गावच्या नदीत अद्याप उरला आहे, हे एका दुपारीच कळू शकेल.