श्रीरुक्मिणीमाता : विदर्भाची राजकन्या, पंढरीची रखुमाई

सोलापूर जिल्ह्यातील श्रीक्षेत्र पंढरपूर येथे आलेला भाविक प्रथम श्रीविठ्ठलाच्या चरणी मस्तक ठेवतो व नंतर मंदिराच्या मागील बाजूस श्रीरुक्मिणीमातेच्या दर्शनास जातो. देव व देवी एकाच गाभाऱ्यात शेजारी का नाहीत, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. त्याचे उत्तर मातेच्या चरित्रात आहे.

कुल व संकल्प

विदर्भाधिपती भीष्मक राजाची रुक्मिणी ही कन्या. कुंडिनपूर ही त्याची राजधानी. अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर ते हेच, अशी श्रद्धा आहे. राजवाड्यात येणाऱ्यांच्या मुखी श्रीकृष्णाचे गुणवर्णन ऐकून तिने मनोमन त्यास वरले. मात्र ज्येष्ठ बंधू रुक्मी याने चेदिराज शिशुपालाशी तिचा विवाह निश्चित केला.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात पुढील कथा येते. रुक्मिणीने एका विश्वासू ब्राह्मणाकरवी द्वारकेस निरोप धाडला. सात श्लोकांच्या या निरोपात केवळ विनवणी नाही. विवाहाच्या आदल्या दिवशी आपण नगराबाहेर देवीच्या दर्शनास जाऊ, तेथून आपणास न्यावे, अशी योजनाही तिनेच कळविली आहे. त्याप्रमाणे श्रीकृष्णाने तिचे हरण केले. पाठलागावर आलेला रुक्मी पराभूत झाला, तेव्हा त्याच्या प्राणांची भिक्षाही तिनेच मागितली. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरातून हे हरण झाले, असे वऱ्हाडात मानले जाते.

मराठी वाङ्मयाने ही कथा आदिकाळापासून जपली. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने या विवाहावर धवळे रचले. ती मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते. संत एकनाथ महाराजांनी १५७१ साली काशीक्षेत्री ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. विवाह जुळावा म्हणून या ग्रंथाचे पारायण करण्याची प्रथा आजही घरोघरी आढळते.

रुसवा व दिंडीरवन

द्वारकेची पट्टराणी पंढरीस का आली, हे क्षेत्रपरंपरा सांगते. एकदा राधा श्रीकृष्णाच्या अंकावर बसलेली पाहून रुक्मिणी रुसली व कोणास न सांगता भीमातीरी दिंडीरवनात येऊन राहिली. तिच्या शोधार्थ भगवंत गोपाळांसह निघाले. गोपाळांना गोपाळपूर येथे ठेवून ते तिला भेटले व पुढे भक्त पुंडलिकाच्या दारी आले. मातापित्यांच्या सेवेत मग्न पुंडलिकाने वीट पुढे सरकविली. त्या विटेवर देव उभा राहिला.

देव पुंडलिकासाठी थांबला हे सर्वज्ञात आहे. परंतु तो येथवर आला तो रुक्मिणीसाठी, हे विसरले जाते. जिने आपल्या इच्छेने पती निवडला, तिनेच मान दुखावताच राजवैभव सोडले आणि जगन्नाथास पायी यावे लागले. तो रुसवा पूर्णपणे गेलेला नाही, म्हणून तिचे मंदिर वेगळे, अशी लोकश्रद्धा आहे.

यात्रेकरूंसाठी

दरवर्षी माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे वसंत पंचमीस, श्रीविठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा पंढरपुरात साजरा होतो. नवरात्रात मातेची विविध रूपांत पूजा बांधली जाते. आषाढी वारीस कौंडण्यपूरहून मातेची पालखी येते. ही परंपरा चार शतकांहून अधिक काळाची सांगितली जाते. माहेरची ही पालखी पाहताना भाविकांचे मन भरून येते.

सवड असल्यास दिंडीरवनातील लखुबाईचे मंदिर व गावालगतचे गोपाळपूर ही स्थाने अवश्य पाहावीत. रुसव्याची कथा तेथे पावलोपावली भेटते. माउलींची ओटी खण-नारळाने भरण्याची प्रथा आहे. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी केवळ हात जोडले तरी पुरे. मात्र विठ्ठलाचे दर्शन झाले म्हणून घाईने परतू नये. ज्या माउलीसाठी देव द्वारका सोडून आला, तिच्या उंबऱ्याशी क्षणभर थांबावे आणि आपल्या घरच्या गृहलक्ष्मीचा मान राखण्याचा संकल्प करावा. तोच या चरित्राचा बोध होय.