उतरायची वाट आधी विचारा

पिन भाबाची वाट अजून शांत आहे, आणि शांत आहे म्हणूनच माणसं तिच्याकडे वळतात. किन्नौरमधल्या काफनू गावातून निघायचं, भाबा नदीच्या कडेने झाडीतून मुलिंगला पोहोचायचं, तिथून काराच्या कुरणावर, मग फुस्तिरंगच्या उघड्या उतारावर. त्याच्या वर सुमारे ४९०० मीटरची खिंड. ती ओलांडली की लाहौल-स्पिती जिल्ह्यातलं पिन खोरं आणि शेवटी मुद गाव. खिंडीच्या अलीकडे गद्दी मेंढपाळांची हिरवीगार कुरणं, पलीकडे तपकिरी-जांभळट उघडे डोंगर. हिमालयात एवढ्या थोडक्या अंतरात एवढा पालट मी दुसरीकडे पाहिलेला नाही. या वाटेवर माझा जीव आहे. म्हणूनच तिथे जाणाऱ्यांना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात.

केदारकंठासारख्या गर्दीच्या ट्रेकवर आपल्या गटाचं काही चुकलं तर शेजारच्या तंबूत दुसरा गट असतो. कुणाकडे औषध असतं, कुणी डॉक्टर निघतो, वाटेत चहाची टपरी लागते. पिन भाबावर मुलिंगच्या पुढे गेलात की जे काही आहे ते तुमच्याच खच्चरांच्या पाठीवर असतं. मोबाइल मुका झालेला असतो. सॅटेलाइट फोन भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही, त्यामुळे तोही बहुतेक गटांकडे नसतो. (परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनी सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं छोटं यंत्रही सोबत आणू नये; विमानतळावर अडवतात.) तेव्हा ज्या संस्थेला आपण पैसे भरतो, तीच तिथे आपला दवाखाना आणि तीच आपली रुग्णवाहिका.

आमच्या वेळी गडबड डोंगर चढायच्या आधीच सुरू झाली. रामपूरच्या पुढे वांगतूच्या अलीकडे दरड कोसळली आणि महामार्ग बंद झाला. पावसाळ्यात त्या रस्त्यावर हे नेहमीचंच. आम्ही काफनूला एक दिवस उशिरा पोहोचलो. कार्यक्रमात राखीव दिवस ठेवलेला नव्हता आणि परतीची तिकिटं सगळ्यांची पक्की होती. लीडरने जेवताना जाहीर केलं की काराचा मुक्काम वगळू, मुलिंगहून थेट फुस्तिरंग गाठू, गट दमदार आहे. टाळ्याही पडल्या.

त्या निर्णयाचा अर्थ आकड्यांत बघा. काफनू सुमारे २४०० मीटरवर आहे, मुलिंग ३२५०, कारा ३५५०, फुस्तिरंग ४१००. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं पर्वतीय वैद्यकातले जाणकार सांगतात. कारा गाळल्यावर आमची झोपायची उंची एका दिवसात साडेआठशे मीटरने वाढत होती. फुस्तिरंगला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. शरीर याला सरावतं, पण त्याला रात्री द्याव्या लागतात. दमदारपणाचा इथे संबंध नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. सह्याद्रीत दर रविवारी गड चढणाऱ्याला विरळ हवेची ओळखच झालेली नसते.

माझी धाकटी बहीण गटात सगळ्यात तयारीची होती. नियमित पळणारी, अर्ध मॅरेथॉन केलेली. फुस्तिरंगच्या शेवटच्या चढावर ती मागे पडली, तंबूत शिरल्यावर डोकं दुखतंय म्हणाली. राजमा-भाताचं ताट तसंच राहिलं. मग उलटी झाली. लीडर आला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा बघून म्हणाला, दमलीय, झोपली की सकाळी ठीक होईल. मला खटकलं ते वेगळंच. ती बुटाची नाडी बांधत होती. एक टोक हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली, दुसरं टोक शोधायचं असतं हेच जणू विसरली. नाव विचारलं तर सांगत होती, पण प्रत्येक उत्तर उशिरा येत होतं.

आमच्या खच्चरवाल्याने हे पाहिलं. काफनूकडचाच माणूस, दिवसभरात दोन शब्द बोलला असेल. त्याने तिला बाहेर आणायला सांगितलं आणि तंबूच्या दोरीच्या कडेने टाचेला पंजा लावत सरळ चालायला लावलं. दुसऱ्याच पावलाला ती डावीकडे कलली, मी धरली नसती तर पडली असती. "मॅडम को नीचे ले जाना पड़ेगा, अभी," तो म्हणाला. मेंदूला सूज येऊ लागल्याचं हे सगळ्यात भरवशाचं लक्षण मानतात: तोल जाणं, आणि बोलण्या-समजण्यात गोंधळ. ऑक्सिमीटर यात फसवू शकतो. आकडा बरा दिसत असताना माणूस बिघडत असतो.

लीडरचं म्हणणं पडलं की सकाळी खिंड ओलांडू, पलीकडे उतारच आहे. खिंड ओलांडणाऱ्या प्रत्येक ट्रेकवर हा मोह होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. नकाशा नीट पाहा. पलीकडचा पहिला मुक्काम, मंगरुंगसे, जवळपास फुस्तिरंगइतक्याच उंचीवर आहे. तिथे पोहोचायला आधी आठशे मीटर चढावं लागतं. आजारी माणसाला वर नेऊन पुन्हा त्याच उंचीवर आणायचं, आणि काफनूचा रस्ता खिंडीमागे टाकायचा, असा तो बेत होता. ऑक्सिजनचा सिलिंडर मागितला तर त्याचा काटा शून्याजवळ होता. अशा वेळी द्यायचं औषध, डेक्सामेथासोन, पेटीत नव्हतंच.

आम्ही रात्रीच निघालो. त्या उतारावर अंधारात खच्चरावर बसवणं धोक्याचं, म्हणून तिच्या कमरेला दोर बांधला. पुढे खच्चरवाला, मागे मी, सोबत स्वयंपाकी पाण्याची बाटली आणि टॉर्च घेऊन. खच्चरवाला प्रत्येक पावलाला तिला दगड दाखवायचा, "इधर पैर, मॅडम, इधर." नाला ओलांडताना मात्र वेळेने साथ दिली. बर्फ वितळून येणारं पाणी दुपारी-संध्याकाळी चढतं आणि रात्री, पहाटे उतरतं. काराला पोहोचेपर्यंत साडेपाचशे मीटर खाली आलो होतो. पहाटे तिने आपणहून चहा मागितला. उजाडल्यावर त्याच सरळ रेषेची परीक्षा घेतली तेव्हा ती चालली, डगमगत का होईना. दुसरं काहीच बदललं नव्हतं, फक्त उंची. पुढे काफनू, मग रामपूरला तपासणी. ती आज ठणठणीत आहे. पुढच्या वर्षी मी त्या वाटेवर परत गेलो आणि खिंड ओलांडली, काराला दोन रात्री राहून.

सगळ्यांच्या बाबतीत वेळेवर असा माणूस उभा राहतोच असं नाही. २०२४च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातल्या गटाला हिमवादळाने गाठलं आणि ९ जण गेले. तिथलं कारण हवामान होतं, आमच्याकडे उंची. पण दोन्हीकडे मदत लांब होती.

तेव्हा जायचं ठरवलंत की पैसे भरण्याआधी फोन करा आणि विचारा. राखीव दिवस आहे का? रस्ता बंद पडला तर कोणता मुक्काम गाळणार? याचं उत्तर 'कोणताही नाही, खिंड सोडू' असंच यायला हवं. प्रत्येक मुक्कामाची उंची लिहून मागा आणि स्वतः वजाबाकी करा. प्रत्येक मुक्कामावरून आजारी माणसाला कुठे, कोण, कशावरून उतरवणार हे विचारा. सिलिंडर किती, निघण्याआधी काटा कोण बघतं, पेटीत डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन आहे का, ते द्यायला कोण शिकलंय? लीडर किती वेळा त्या वाटेवर गेलाय यापेक्षा त्याने किती जणांना परत आणलंय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि खच्चरवाला, स्वयंपाकी, हमाल तिथल्या गावातले आहेत का, त्यांच्याकडे पुरेसे गरम कपडे आहेत का, हेही जरूर विचारा. ज्या संस्थेला त्यांची कदर नाही तिला तुमचीही नसते.

उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. प्रतिबंध म्हणून सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. पण गोळी घेतली म्हणून पायरी गाळता येत नाही. डोकं दुखत असेल तर लपवू नका, गटाचा खोळंबा होईल म्हणून तर नाहीच. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा ग्लानी असेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही. तोल गेला, बसल्या जागी धाप लागली, खोकल्यात फेस आला, तर रात्र आहे, पाऊस आहे, हे बघायचं नाही. उतरायचं.

आणि परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा. आमच्या गटात ते कुणाचंही नव्हतं, आणि कारा गाळायला तेवढं कारण पुरलं.