पित्तनळीची जन्मजात गाठ

प्रश्न : माझी नात चार वर्षांची. अधूनमधून पोट दुखतं, डोळे पिवळे दिसतात. सोनोग्राफीत ‘कोलेडोकल सिस्ट’ निघाली. औषधानं जाईल का? – एक आजी, तात्यापारा, रायपूर

उत्तर : आजी, औषधानं ही गाठ जात नाही, शस्त्रक्रिया करावीच लागते. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळी फुगलेली असते. बहुतेकदा ती स्वादुपिंडाच्या नळीला नेहमीपेक्षा आधीच मिळते. मग पाचकरस उलटा वर चढतो आणि पित्तनळीचं अस्तर पोळतं. मुलींमध्ये हे जास्त आढळतं.

पूर्वी गाठ जागीच ठेवून ती आतड्याला जोडत. पण मागे राहिलेल्या अस्तरात पुढे कर्करोग होऊ शकतो. म्हणून आता पित्ताशयासह गाठ काढून आतड्याचा भाग वरच्या नळीला जोडतात. कुणी ‘नुसता निचरा करू’ म्हणालं, तर कारण जरूर विचारा. आधी एमआरसीपी (पित्तनळ्यांची एमआरआय तपासणी) करून घ्या. रायपूरच्या एम्समध्ये बालशल्यचिकित्सा विभाग आहे, तिथे दाखवा. दरम्यान थंडी वाजून ताप आला, कावीळ वाढली किंवा शी पांढुरकी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. शस्त्रक्रियेनंतरही आयुष्यभर नियमित सोनोग्राफी आणि यकृताच्या रक्ततपासण्या कराव्या लागतील.