आमच्या घरातला वास कोठून येत होता?
(इयत्ता ४ थी)

या वेळी भित्तिपत्रकासाठी परिसर अभ्यासावर लेख लिहायचा होता. कोणी विहिरीवर लिहिले, कोणी पक्ष्यांवर लिहिले. मी वासावर लिहिते आहे. हसू नका, पूर्ण वाचा.

पौष महिन्यात आश्रमात विवेकानंद जन्मोत्सव असतो. पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून वाढतात, हे तुम्हांला माहीतच आहे. तेव्हा गावात घरोघरी पाहुणे येतात. आमच्याकडेही आले. त्यांतल्या एक बाई रात्री आजीच्या खोलीत झोपल्या. सकाळी उठून त्या आईला हळूच म्हणाल्या, "म्हातारं माणूस हाय, अंथरूण-पांघरूण धुत जा वं." आजीला कमी दिसते, पण ऐकू चांगले येते.

खोलीत वास येत होता हे खरे आहे. सडक्या अंड्यासारखा वास होता. पण गोधड्या आई धूतच होती. त्या दिवशी पुन्हा धुतल्या. तरी वास आलाच. तेव्हा आजी म्हणाली, "माह्याच अंगाचा असन बाप्पा. माही बाज ओसरीत टाका." बाबा म्हणाले, "अवं माय, थंडी किती हाय!" पण आजीने ऐकले नाही. ती ओसरीत झोपू लागली. रात्री तिचा खोकला मला ऐकू यायचा. मला फार वाईट वाटलं. वास आजीचा नाही हे शोधून काढायचेच, असे मी ठरवले.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "सगळ्यांत आधी गॅस पाहा. बाकीचे नंतर." स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचा घाण वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून जमिनीलगत साचतो. असा वास आला तर दिव्याचे बटन लावायचे नाही आणि बंदही करायचे नाही, कारण दोन्हीत ठिणगी पडू शकते. काडी ओढायची नाही. दारे-खिडक्या उघडायच्या, सिलेंडर बंद करायचे, बाहेर जायचे आणि १९०६ नंबरवर फोन करायचा. हा नंबर आमच्या घरी आता भिंतीवर खडूने लिहिला आहे. बाबांनी रबरी नळीला साबणाचे पाणी लावून पाहिले. एकही बुडबुडा आला नाही. म्हणजे गॅस नव्हता.

आई म्हणाली, "उंदीर मेला असन कुठं." मग सोयाबीनचे कट्टे हलवले, पेटी सरकवली, माळ्यावर चढून पाहिले. उंदीर सापडला नाही. माझी हरवलेली पट्टी सापडली. बाजेखाली बटाटे होते, त्यांतले दोन सडले होते. ते फेकल्यावर आम्हांला वाटलं, झालं! पण दुसऱ्या दिवशी वास होताच. शिवाय मेलेला उंदीर हळूहळू वाळतो आणि वास कमी होत जातो. आमचा वास दोन आठवडे तसाच होता.

मग मी वहीत नोंदी करायला सुरुवात केली. वास नाही तर ०, थोडा तर १, बराच तर २, नाक दाबावे लागले तर ३. एक अडचण आली. खोलीत थोडा वेळ बसले की वास येईनासाच व्हायचा. गुरुजींनी सांगितले की नाकाला वासाची सवय होते, मग ते तो वास सांगत नाही. म्हणून तर घरच्यांपेक्षा पाहुण्यांना वास आधी कळतो. मग मी अंगणात जाऊन यायची आणि दारातून आत शिरताक्षणी आकडा लिहायची.

चार दिवसांत वहीतून दोन गोष्टी कळल्या. रात्रभर दार बंद असले की सकाळी ३, आणि दार उघडे ठेवले की दुपारी १. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची होती. आजी चार रात्री खोलीत नव्हतीच, तिच्या गोधड्याही ओसरीत होत्या, तरी सकाळी ३ च! मी धावत जाऊन आईला वही दाखवली. आई काही बोलली नाही, पण तिने वही दोनदा वाचली.

आता खोलीचा एकेक कोपरा हुंगला. बाजेच्या जागी कमी, न्हाणीच्या दाराशी जास्त. बाबांनी आजीसाठी खोलीला लागूनच न्हाणी बांधली आहे. पण तिचा उंबरा उंच आहे. दिवाळीपासून आजीचे गुडघे दुखतात, म्हणून ती अंगणातल्या दगडावर बसून आंघोळ करते. न्हाणी तशीच बंद होती. कोरडी ठणठणीत. तिथे वास कसा येईल, असे सगळ्यांना वाटत होते. मी रात्री न्हाणीतल्या जाळीवर ओले पोते चांगले दाबून ठेवले. सकाळी १. दुसऱ्या रात्री पोते काढले. सकाळी ३.

बाबांनी गवंडीकाकांना बोलावले. त्यांनी जाळी काढली. आत एक वाटी उपडी बसवलेली होती. ती काढली तर खाली वाळलेला साबण आणि केस होते, पाण्याचा थेंब नाही. काका म्हणाले, "न्हाणी ट्रॅप सुकला, दुसरं काही नाही." शहरातले मोठे इंजिनिअरसुद्धा त्याला न्हाणी ट्रॅपच म्हणतात. आपला शब्द आहे!

ट्रॅपचे काम असे. त्यात नेहमी साधारण दोन इंच पाणी साचून राहते. वरून ओतलेले पाणी त्यातून पुढे जाते, पण पाइपातली हवा ते पाणी ओलांडून वर येऊ शकत नाही. पाण्याचेच झाकण. अशी युक्ती वाकड्या पाइपात करून तिचे पेटंट घेणारा माणूस लंडनचा घड्याळजी होता, अलेक्झांडर कमिंग. ते साल १७७५. घड्याळवाल्याला संडासाचे सुचले याचे मला नवल वाटते. पण हे झाकण पाण्याचे असल्यामुळे वापर थांबला की उडून जाते. आमचे दिवाळीपासून उडाले. आणि आमच्या न्हाणीचा पाइप संडासच्या टाकीला जोडलेला आहे, म्हणून टाकीतली हवा सरळ आजीच्या खोलीत.

त्या हवेत हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. जिथे हवा पोचत नाही अशा घाणीत आणि चिखलात बारीक जिवाणू तो तयार करतात. आपल्या जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराकाठी काळ्या चिखलाजवळ असाच वास येतो. ते पाणी फार खारे आहे. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले होते, तेही बारीक जिवांमुळेच. सहलीला आम्ही सगळ्यांनी नाक धरले होते, आठवते ना?

हा वायू थोडा असला तर नुसता वास येतो, पण बंद टाकीत जास्त असला तर माणूस मरतो. त्यातून आधी नाकच बंद पडते, म्हणून वास गेला असे वाटते आणि माणूस फसतो. टाकीत उतरल्यामुळे कितीतरी सफाई कामगार मेले आहेत. माणसाकडून असे धोक्याचे काम करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून काकांनी मला टाकीच्या झाकणाजवळ येऊ दिले नाही. मी रुसले होते, पण आता कारण कळले.

काकांनी ट्रॅप घासून वाटी परत बसवली. मी दोन तांबे पाणी ओतले. वर आईने चमचाभर गोडे तेल टाकले, त्याने पाणी लवकर उडत नाही. दुसऱ्या दिवशी १. तिसऱ्या दिवशी ०. चौथ्या दिवशीही ०.

त्या संध्याकाळी बाबांनी आजीची बाज आत आणली. आजी म्हणाली, "आता पाहुणीले सांगसान का कोणी?" आईने लगेच फोन लावला आणि न्हाणी ट्रॅप म्हणजे काय ते मलाच समजावून सांगायला लावले. त्या बाई म्हणाल्या, "अगं माय, आमच्या मोरीतबी तसाच येते!"

आता दर रविवारी न्हाणीत एक तांब्या पाणी टाकायचे काम माझ्याकडे आहे. मागच्या रविवारी मी विसरले. सोमवारी टाकले.