तांदळाची भाकरी डब्यात कडक का होते?

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिककडचे, आता सीवूड्सला राहतो. बाजरीची भाकरी मला चांगली जमते, तांदळाची मात्र दगा देते. तव्यावरून काढली की मऊ असते, दुपारी डबा उघडला की पुठ्ठा! आमच्याकडे करावे गावातून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींची भाकरी संध्याकाळीसुद्धा घडी घालावी इतकी मऊ असते. त्या म्हणतात, "उकड काढ, नाहीतर नको करू." उकड तर मोदकाची असते. भाकरीत तिचं काय काम?
– एक वाचक, सीवूड्स

उत्तर : मावशींचं ऐका. तांदळाच्या भाकरीचं सगळं गणित त्या उकडीतच आहे.

मावशींना हे ठाऊक असण्यात नवल नाही. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांची जमीन ठरली. त्याआधी करावे, दारावे, शिरवणे, घणसोली इथल्या आगरी-कोळी घरांचं पोट भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासळी यांवर चालायचं. खाऱ्या जमिनीत भाताचंच पीक तग धरतं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं अशा जमिनीसाठी काढलेल्या भाताच्या जाती 'पनवेल' याच नावानं ओळखल्या जातात. त्यामुळे इथं कालवणाबरोबर आणि सुकटीबरोबर भाकरी असते ती तांदळाचीच.

आता उकडीचं काम. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि गोळा एकसंध होतो. तांदळात ग्लुटेन नाही. पिठाचे कण एकमेकांना धरून ठेवायला उरतो तो फक्त स्टार्च, आणि थंड पाण्यात तो ढिम्म हलत नाही. जातीप्रमाणे साधारण 65 ते 80 अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. तुम्ही कोमट पाण्यात पीठ मळत असाल, तर भाकरी थापली जाईपर्यंत स्टार्च कच्चाच राहतो. तव्यावर मग अडचण होते, कारण स्टार्च शिजायला पाणी हवं आणि त्याच वेळी तवा पाणी उडवत असतो. भाकरी भाजली जाते, पण आतून पुरती शिजत नाही. उकडीत स्टार्च थापायच्या आधीच शिजलेला असतो आणि त्यानं पाणीही धरून ठेवलेलं असतं. म्हणून ती भाकरी दुपारपर्यंत टिकते.

करायची अशी : एक वाटी पिठाला एक वाटी पाणी घ्या. तांदूळ जुना असेल तर दोन-तीन चमचे जास्त, कारण जुना दाणा पाणी अधिक ओढतो. पाण्यात मीठ घालून खळखळून उकळू द्या. पीठ एकदम ओता, उलथन्याच्या दांड्यानं ढवळा, गॅस बारीक करून झाकण ठेवा. दोन-तीन मिनिटांनी गॅस बंद करा, पण झाकण लगेच काढू नका. पाच मिनिटं वाफ आत मुरू द्या. मग परातीत काढून, हाताला सोसेल इतपत गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा. गार झाल्यावर मळायला घेतलंत तर गुठळ्या मोडत नाहीत. उंडा दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर पाणी कमी आहे. आणखी थोडा पाण्याचा हात लावा आणि पुन्हा मळा.

थापण्याच्या दोन तऱ्हा आहेत. घाटावर परातीत पीठ भुरभुरून थापतात. इथल्या गावांत अनेक घरी हातावरची भाकरी असते : ओल्या तळव्यांमध्ये उंडा गोल फिरवत, थापट्या देत वाढवायचा आणि थेट खापरीवर टाकायचा. तिला कोरडं पीठ लागतच नाही, त्यामुळे वरचा थर कोरडा पडत नाही. हे जमायला वेळ लागतो, तोवर परातच बरी. फक्त पीठ जपून वापरा.

भाजताना पिठाची बाजू वर ठेवून भाकरी तव्यावर टाका आणि लगेच वरून पाणी फिरवा. हे पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. सुकलं की वरच्या बाजूला चिरा पडतात, वाफ त्यातून निसटते आणि भाकरी फुगत नाही. पाणी लावलेली बाजू तव्यावर नीट भाजली की पहिली बाजू आचेवर धरा. आतली वाफ पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते.

पिठाचं म्हणाल तर तांदूळ सुरय, म्हणजे न उकडलेला घ्या. तो धुऊन, फडक्यावर सावलीत वाळवून गिरणीतून बारीक दळून आणा.

प्रश्न : मंगळवेढ्याहून ज्वारी येते, ती दळून ठेवतो. महिन्याभरानं तेच पीठ थापताना तुटतं. ज्वारी खराब असते का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : ज्वारी उत्तमच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमच्या पिठाची विरी गेली आहे. दळलेलं पीठ जुनं झालं की चिकटपणा हरवतं. ज्वारी दाण्यानं साठवा आणि दळण आठवड्या-दहा दिवसांचंच टाका. जुनं पीठ टाकून देऊ नका. उकळतं पाणी घालून, थोडं झाकून ठेवून मग मळा, भाकरी होते. बाजरीच्या बाबतीत मात्र हा उपाय चालत नाही. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे पीठ लवकर कडवट होतं, आणि कडवटपणा गरम पाण्यानं जात नाही.

प्रश्न : उरलेली भाकरी फ्रिजमध्ये ठेवली की बाहेर ठेवलेल्या भाकरीपेक्षा कडक होते. असं कसं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : भाकरी कडक होते ती फक्त पाणी उडाल्यामुळे नाही. शिजलेला स्टार्च थंड होताना त्याचे रेणू पुन्हा घट्ट रचले जातात, आणि फ्रिजच्या तापमानाला ही रचना सगळ्यात वेगानं होते. म्हणून डब्यात घट्ट बंद केलेली भाकरीही फ्रिजमध्ये कडक होते. पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवून गरम केलीत तर बरीचशी मऊ होते. त्याच दिवशी खायची असेल, तर ताजी भाकरी सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको. ठेवायचीच झाली तर फ्रीजरमध्ये ठेवा. तिथं ही रचना जवळजवळ थांबते.

तिन्ही पत्रांत हाताला दोष दिलेला नाही, हे चांगलं केलंत. थापायचा हात सरावानं बसतो. मऊपणा मात्र ताज्या पिठावर आणि उकळत्या पाण्यावर ठरतो, आणि या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी जमण्यासारख्या आहेत.