मलावी सरोवराचे मासे : पहिली टाकी लावताना

गल्ल्याजवळ रंगीत माशांची टाकी असली की गिऱ्हाईक जरा जास्त रेंगाळते. म्हणून दुकानदार बांधव आफ्रिकन सिक्लिड घेतात. टाकी व मासे मात्र एकाच दिवशी आणतात, आणि पैसा पाण्यात जातो.

हे मासे मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्याचे. तेथील पाणी अल्कधर्मी, पीएच सुमारे ७.८ ते ८.६. टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असावी. पाण्याचेच वजन अडीचशे किलोच्या घरात जाते, तेव्हा स्टँड मजबूत हवा. दगड आधी तळाशी पक्के बसवावेत, वाळू मागाहून. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड घसरून काच फोडतो.

आता मुख्य बाब. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिकच जहरी ठरतो. तोवर बिनमाशांची टाकी चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट आधी चढून मग शून्यावर आले, की मासे आणावेत. नव्या ताक्याचा रंग आपण आधी पाण्यात पाहतोच ना!

सुरुवातीला पिवळा लॅब बरा, त्यातल्या त्यात शांत. बाकी बहुतेक जातींत एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. खाद्य स्पिरुलिनाचे द्यावे, मांस नको. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी औषधाने घालवावे.